हरलात तर का हरलात ते कळायला हवं: इंडी आणि स्ट्रॅटेजी गेम नव्याने खेळणाऱ्यांसाठी

माझ्या एका मित्राने दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला आणि आयुष्यातला पहिला स्ट्रॅटेजी गेम म्हणून थेट ‘एम्पायर: टोटल वॉर’ उतरवून घेतला. कारण एकच, त्यात मराठे आहेत. खरंच आहेत. गेम २००९ सालचा, सुरुवात इ. स. १७०० पासून, आणि मराठ्यांची बाजू घेऊन मोगलांविरुद्ध खेळता येतं. दोन तासांनी त्याचा फोन आला. कर कुठे बदलायचे, तोफा कशा वळवायच्या, प्रजा का बिथरली, कशाचाच पत्ता नव्हता. शेवटी म्हणाला, “हरलो त्याचं काही नाही रे, पण कशामुळे हरलो तेवढं तरी सांग.”

मलाही सांगता आलं नाही. पण नव्या माणसाने कुठला गेम आधी घ्यावा याची कसोटी मला त्या फोनवर सापडली. हरल्यावर पडद्यावर बोट ठेवून “ही इथे माझी चूक झाली” असं म्हणता आलं पाहिजे. जो गेम एवढं दाखवतो तो आधी, जो दाखवत नाही तो नंतर. खालचा सगळा क्रम याच कसोटीवर लावलाय. आवडीनिवडी माझ्या आहेत, भांडायला हरकत नाही.

आधी दोन-तीन शब्द

इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, लहान चमूने किंवा एकट्यादुकट्याने केलेला गेम. स्वस्तातला किंवा कच्चा असा त्याचा अर्थ नाही. स्ट्रॅटेजी म्हणजे डावपेचांचा गेम. त्यात ढोबळ दोन जाती. रिअल-टाइममध्ये घड्याळ चालूच राहतं. आमच्या पिढीने तासावर पैसे मोजून सायबर कॅफेत खेळलेला १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा त्यातला. टर्न-बेस्डमध्ये तुम्ही खेळी करेपर्यंत सगळं थांबलेलं असतं. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद करून आलात तरी शत्रू जागच्या जागी. नवख्याने टर्न-बेस्डपासूनच सुरुवात करावी, यावर मी ठाम आहे.

तिसरा शब्द रोगलाइक. यात एक डाव अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंतचा. हरलात की संपलं, पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी मांडणी वेगळी. पत्ते पिसून पुन्हा वाटावेत तसं. इंग्रजीत याला ‘रन’ म्हणतात. आपल्याकडे ‘डाव’ हा शब्द असताना मी तोच वापरणार.

लॅपटॉप, फोन आणि पैसे

इथे फार वेळ घालवायला नको. या लेखातले बहुतेक छोटे गेम वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, ऑफिसच्या कामाच्या लॅपटॉपवर चालतात. एक साधा माउस मात्र घ्या, टचपॅडवर खेळून बोटं दुखतात. ‘स्ले द स्पायर’, ‘बालाट्रो’, ‘मिनी मेट्रो’, ‘पॉलिटोपिया’ फोनवरही आहेत. ‘स्ले द स्पायर’ची अक्षरं फोनवर मला बारीक वाटतात. चष्मा लागला असेल तर तो लॅपटॉपवरच बरा.

खरेदी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात केलीत तर एक नियम पाठ करा: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून नवा गेम सुरू करताना फोनवर दीड तासाचा गजर लावा. गजर वाजला आणि मनात “अजून थोडं” असं आलं, तर ठेवा. जांभई आली तर परत करा, लाजायचं काही कारण नाही. जून-जुलैच्या सुमारास आणि वर्षअखेरीस मोठे सेल लागतात. गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवला की किंमत उतरल्यावर मेल येतो. ‘फॅक्टोरियो’ या कारखाने उभारायच्या गेमच्या सेलची मात्र वाट पाहू नका. तो सवलतीत विकायचाच नाही हे तो करणाऱ्या चेक कंपनीचं जाहीर धोरण आहे. त्याऐवजी त्याचा डेमो फुकट आहे, तो खेळून ठरवा.

एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला गेम फुकट मिळतात. घ्या, पण त्यांचा ढीग म्हणजे आपला छंद असं समजू नका. माझ्याकडे असे कितीतरी गेम पडून आहेत, उघडलेलेही नाहीत. भांड्यांच्या माळ्यासारखं झालंय.

पहिली संध्याकाळ: ‘इन्टू द ब्रीच’

मला एकच गेम सुचवायला सांगितलात तर हा. २०१८ साली सबसेट गेम्स या छोट्या चमूने काढला. पट बुद्धिबळाएवढा: आठ बाय आठ, चौसष्ट घरं. तुमच्याकडे तीन अवाढव्य यंत्रं, समोर जमिनीतून वर येणारे ‘व्हेक’ नावाचे राक्षसी किडे, आणि पटावर त्यांच्यापासून वाचवायच्या इमारती. बुद्धिबळात समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखावं लागतं. इथे समोरचा आपली पुढची खेळी आधीच पटावर मांडून ठेवतो. कोणता किडा कोणत्या घरावर घाव घालणार, कोणता आधी आणि कोणता नंतर, सगळं दिसतं. मग तो थांबतो आणि म्हणतो, आता तू बोल.

नवखा माणूस इथे हमखास मारायला धावतो. तीन यंत्रं, पाच किडे. सगळे मरत नाहीत, दोन इमारती पडतात, आणि त्याला वाटतं गेम अन्यायी आहे. मारणं हे इथलं मुख्य काम नाही, ढकलणं आहे. पहिल्या पथकातलं (पथक म्हणजे तीन यंत्रांचा संच) ठोसा मारणारं यंत्र किड्याला एक घर मागे सरकवतं. किडा सरकला तरी त्याचा हल्ला ठरलेल्या दिशेलाच होतो. म्हणजे इमारतीकडे तोंड करून बसलेल्याला एक घर बाजूला लोटलं, तर तो रिकाम्या जमिनीला किंवा, नशीब जोरावर असेल तर, स्वतःच्याच भावाला डसतो. पाण्यात लोटला तर बहुतेक जण बुडतात, उडणारे मात्र वाचतात.

पहिल्या दिवशी असं खेळून बघा. अडचणीची पातळी ‘ईझी’ ठेवा, त्यात कमीपणा नाही. पहिलंच पथक घ्या. प्रत्येक टर्नला कशालाही हात लावायच्या आधी फक्त मोजा: किती इमारतींवर संकट आहे? तीन असतील तर तीन उत्तरं शोधा, किड्यांचा जीव गेला की राहिला ते बघू नका. उत्तरं दोनच सापडली, तर तिसऱ्या इमारतीच्या पुढे आपलं यंत्र उभं करा आणि घाव अंगावर घ्या. यंत्रं लढाई संपल्यावर पुन्हा ठणठणीत होतात. इमारतींतून मिळणारी वीज मात्र आपोआप भरून येत नाही, आणि ती शून्यावर आली की डाव संपला. हे एवढं डोक्यात बसलं की अर्धा गेम आला.

गोळी झाडेपर्यंत हालचाल मागे घेता येते, ती घेत राहा. यंत्र इथे ठेवून बघा, तिथे ठेवून बघा. शिवाय एका लढाईत एकदा अख्खा टर्न पुसून पुन्हा खेळता येतो. ते बटण पहिल्याच टर्नला वापरू नका, शेवटच्या टर्नसाठीही राखून ठेवू नका. शेवटपर्यंत राखलेलं बटण माझ्या हातून हमखास वापरायचंच राहून जातं. जमिनीला भेगा दिसल्या की तिथून पुढच्या टर्नला नवा किडा येणार. त्या घरावर यंत्र उभं केलंत तर एक घाव बसतो, पण किडा वर येत नाही. बहुतेक वेळा हा सौदा फायद्याचा.

आणि लढाया चार बेटांवर होतात म्हणून चारही घ्यायच्या भानगडीत पडू नका. दोन बेटं वाचवली की शेवटच्या लढाईला जाता येतं, आणि जितकी बेटं जास्त तितकी ती लढाई कठीण. पहिल्यांदा दोन पुरे.

हा गेम सगळ्यांनाच आवडतो असं नाही. काहींना तो परीक्षेतल्या गणितासारखा वाटतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. गोष्ट जवळजवळ नाहीच, आणि एका टर्नला वीस मिनिटं डोकं धरून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यातलाच. पण माझ्या कसोटीवर याच्याइतका खणखणीत गेम दुसरा नाही. हरलात की चूक समोर असते, कोणत्या घरात, कोणत्या टर्नला, सगळं.

दुसरा आठवडा: ‘स्ले द स्पायर’

मेगा क्रिटचा हा गेम २०१७ च्या अखेरीस अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि २०१९ मध्ये पूर्ण झाला. एक मनोरा चढायचा, वाटेत लढाया, आणि लढायचं ते पत्त्यांनी. पहिला योद्धा आयर्नक्लॅड. त्याच्याकडे सुरुवातीला दहा कार्डं: पाच स्ट्राइक, चार डिफेन्ड, एक बॅश. दर टर्नला पाच कार्डं हातात आणि खर्चायला तीन ऊर्जा. इथेही शत्रू पुढच्या टर्नला काय करणार ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, फक्त त्यावर माउस नेऊन वाचायची सवय लावा.

पहिल्याच लढाईतला एक हिशोब. बॅशला दोन ऊर्जा लागतात, घाव ८ चा, आणि त्याने शत्रू हळवा होतो: पुढचे घाव त्याला दीडपट लागतात. स्ट्राइकला एक ऊर्जा, घाव ६. आधी स्ट्राइक आणि मग बॅश टाकलंत तर ६ अधिक ८, म्हणजे १४. आधी बॅश आणि मग स्ट्राइक टाकलंत तर ८ अधिक ९, म्हणजे १७. कार्डं तीच, खर्च तोच. नुसत्या क्रमाने तीनचा फरक पडला. अख्खा गेम असल्या तीन-तीन गुणांवर उभा आहे.

लढाई जिंकली की तीन कार्डं दाखवतात, त्यातलं एक घ्यायचं. किंवा एकही घ्यायचं नाही. हा दुसरा पर्याय नव्या माणसाला दिसतच नाही. लग्नाच्या पंगतीत जे येईल ते पानात वाढून घेणाऱ्या पोरासारखं तो प्रत्येक वेळी कार्ड उचलतो, आणि मनोऱ्याच्या मध्यावर त्याच्याकडे तीस कार्डांची खिचडी असते. हवं ते कार्ड हातात येतच नाही. मी तर दुकानात पैसे देऊन कार्डं काढून टाकतो. पहिल्यांदा ७५ सोन्याची नाणी लागतात, मग दर वेळी २५ ने वाढ. आधी स्ट्राइक काढा. आपलीच तलवार विकल्यासारखं वाटेल, पण काढा.

पहिल्या मजल्यांवर मात्र उलटं: तिथे बचावापेक्षा मारा करणारी कार्डं घ्या. ग्रेम्लिन नॉब नावाचा एक दांडगा तिथे भेटतो. तुम्ही डिफेन्डसारखं कार्ड टाकलं की तो चिडतो आणि त्याची ताकद वाढते. सावध माणूस याच्यासमोर आधी मरतो. मला हे कळायला दोन डाव गेले. त्याच्या अंगावरच्या छोट्या चिन्हात ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. म्हणजे कसोटीला गेम उतरला, मी नाही.

वाटेतल्या शेकोटीजवळ जीव भरून घ्यायला नेहमी झोपू नका. जीव बऱ्यापैकी असेल तर कार्ड सुधारून घ्या. औषधाच्या बाटल्या शेवटच्या राक्षसासाठी जपून ठेवू नका, त्या बाटल्यांसकट मेलेले डाव माझ्याकडे खंडीभर आहेत.

पत्ते येत असतील तर: ‘बालाट्रो’

माझी सांगलीची मावशी रमीत कोणाला ऐकत नाही. तिला ‘बालाट्रो’ दाखवला तेव्हा पोकर हा शब्द ऐकून तिने कपाळाला आठ्या घातल्या. “पैसे लावतात ना रे त्यात?” नाही लावत. समोर दुसरा खेळाडूही नसतो. लोकलथंक असं टोपणनाव घेतलेल्या एकाच माणसाने केलेला हा गेम २०२४ च्या फेब्रुवारीत आला. पत्ते खेळून ठरावीक गुण गाठायचे, एवढंच. गुण म्हणजे पत्त्यांचे चिप्स गुणिले एक गुणक.

पहिला उंबरठा ३०० चा. समजा बदामाचे एक्का, राजा, नव्वी, सत्ती, तिर्री आले. एकाच रंगाचे पाच म्हणजे फ्लश: मुळात ३५ चिप्स, गुणक ४. पत्त्यांचे ११, १०, ९, ७, ३ मिळून ४०. एकूण ७५ गुणिले ४, बरोबर ३००. एका हातात पार. मावशीने एवढंच विचारलं, “एक्का अकराचा धरतात होय?” आणि फोन माझ्या हातून घेतला तो घेतलाच.

नवख्याने दोन गोष्टी पाळाव्यात. सुरुवातीला फ्लशच्या मागे लागा, कारण रंग जमवणं सगळ्यात सोपं. उरलेले पत्ते टाकून नवे घ्यायला लाजू नका. आणि गेममधले पैसे राखा. हातातल्या दर ५ डॉलरमागे फेरीअंती १ डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ शिल्लक ठेवून वरचे खर्चायचे. हे मावशीला सांगावं लागलं नाही.

माझ्या कसोटीवर ‘बालाट्रो’ थोडा घसरतो. जोकर, म्हणजे गुण वाढवणारी खास कार्डं, कोणते मिळतील यात नशीब बरंच आहे, आणि कधी कधी हरल्यावर चूक सापडत नाही, नुसती हळहळ राहते. व्यसन लावण्यात मात्र तो सगळ्यांचा बाप. रात्री दहानंतर उघडू नका.

मारामारी नकोच असेल तर

‘मिनी मेट्रो’ घ्या. न्यूझीलंडच्या डायनासोर पोलो क्लबने २०१५ साली काढला. पांढऱ्या कागदावर गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं उगवत जातात, तुम्ही रेघा ओढून ती जोडायची. गोल प्रवाशाला गोल स्टेशन, त्रिकोणाला त्रिकोण. एखाद्या स्टेशनावर गर्दी तुंबून राहिली की खेळ संपला. यात मुंबईचाही नकाशा आहे. आयुष्यभर दादरला लोटालोटी केलेल्या माणसाला गर्दी ‘तुंबली’ म्हणून खेळ बंद पडतो याचं हसूच येतं, आपल्याकडे त्याला सकाळचे नऊ म्हणतात.

एक युक्ती पुरे: एका रेघेवर सलग गोल-गोल-गोल स्टेशनं येऊ देऊ नका, मध्ये वेगळा आकार गुंफा. म्हणजे माणसं लवकर उतरतात. आणि खेळ थांबवून रेघा पुसून नव्याने ओढा, त्याला दंड नाही.

‘स्टारड्यू व्हॅली’बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. एरिक बरोनने एकट्याने चार वर्षांहून जास्त खपून २०१६ मध्ये काढलेला हा शेतीचा गेम सगळे ‘निवांत’ म्हणून सुचवतात. मला तो निवांत वाटत नाही. दिवस भराभर संपतो, रात्री दोनपर्यंत घरी परतला नाहीत तर माणूस जागीच कोसळतो. पहिल्या हंगामात झेपेल एवढंच पेरा. सगळी ताकद पाणी घालण्यात गेली तर गावात कोणाशी बोलायला दम उरत नाही, आणि गंमत गावातच आहे. माझ्या काकांची खरी शेती आहे. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं, पाऊस आला की पाणी द्यावं लागत नाही याला मान डोलावली, आणि कितीही माल काढला तरी भाव पडत नाही हे कळल्यावर खो-खो हसत उठून गेले.

मोठ्या नकाशाकडे

राज्यं वसवायची हौस असेल तर ‘सिव्हिलायझेशन’च्या आधी ‘पॉलिटोपिया’ खेळा. स्वीडनचा, २०१६ चा, फोनवर फुकट सुरू करता येतो. परफेक्शन प्रकारात डाव ३० टर्नचा, दुपारच्या डब्यानंतर बसतो. इथे एक गोष्ट शिकून घ्या: शहरांची संख्या वाढली की नवी विद्या महाग होत जाते. म्हणून सगळं शिकायची हाव नको. समोर डोंगर असतील तर डोंगराची विद्या, समुद्र असेल तर माशांची. गावं आधी, सैन्य गरजेपुरतं.

तीस टर्न अपुरे वाटायला लागले की मगच ‘सिव्हिलायझेशन ६’, तोही लहान नकाशावर, खालच्या पातळीवर. २०१६ चा आहे, सेलमध्ये भाव चांगलाच उतरतो. त्यात गांधीजी आहेत आणि अणुबॉम्बही आहे. पहिल्या, म्हणजे १९९१ च्या आवृत्तीत संगणकाच्या आकडेमोडीतल्या चुकीने गांधी अण्वस्त्रं टाकत सुटायचे, अशी कथा तुम्हाला कोणीतरी सांगेलच. गेमचा कर्ता सिड मायर याने २०२० साली ती चूक मुळात नव्हतीच असं स्पष्ट केलंय. चहाच्या टपरीवर वाद जिंकायला उपयोगी माहिती.

थोडं थांबून घ्यायचे

‘एफटीएल’ हा ‘इन्टू द ब्रीच’वाल्यांचाच आधीचा, २०१२ चा गेम. एक अंतराळयान, मागे बंडखोरांचा ताफा, आठ टापू पार करायचे. मला अतिशय प्रिय, पण निर्दयी. पहिल्यांदा खेळणाऱ्यांना स्पेस बार दाबला की काळ थांबतो हेच उमगत नाही. तो सतत दाबा. शत्रूची ढाल प्रत्येक थराला एक गोळी अडवते, म्हणून सगळ्या तोफा एकदम, एकाच खोलीवर. आणि यानात आग लागली तर बाहेरची दारं उघडून हवा घालवा, आग विझते. तिथली माणसं आधी बाहेर काढा. हे शेवटचं वाक्य मी अनुभवातून लिहितोय.

बुटक्यांची वसाहत उभारायचा ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ पुढच्या वर्षी. त्याच्या चाहत्यांचं ब्रीदच ‘हरण्यात मजा आहे’ असं आहे, पण तिथे हरल्याची कारणं शोधायला पुराणिक बसवावा लागेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ स्ट्रॅटेजी नाही, हाणामारीचा आहे, तरी डोळ्यांसाठी एकदा खेळा. भिंतींवरची चित्रं, वाडे, जाळ्या बघत मी लढाया विसरलो. लढाया तशाही विसरण्याजोग्याच वाटल्या मला.

तो मराठे घेऊन बसलेला मित्र? त्याला ‘इन्टू द ब्रीच’ दिला. दोन बेटांवर तीन आठवडे काढले त्याने, मग ‘पॉलिटोपिया’, आणि परवा पुन्हा ‘एम्पायर’ उघडला. रात्री साडेअकराला मेसेज आला: “परत बंड झालं. पण कर मीच वाढवला होता.”